नाखवाबाबाला खबर

माघ पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आमच्या शाळेच्या ऑफिसात माझ्या डब्यात काय आहे, हे कुणी विचारत नाही. "सुलभाताई, यंदा काय झालं ते सांगा आधी!" म्हणत पाच-सहा जणी खुर्च्या ओढून बसतात. मी डोंबिवलीच्या एका शाळेत क्लार्क आहे, सव्वीस वर्षं. राहते कोपरला. माहेर मात्र तिकडे ठाण्यात, कोलशेतच्या अलीकडे खाडीकाठी एक लहानसा कोळीवाडा आहे, तिथलं. तिथे माघ पौर्णिमेला नाखवाबाबाचा उत्सव असतो.

उत्सव एका दिवसाचा, पण त्याचे किस्से वर्षभर पुरतात. सुकटीचा डबा कितीही घट्ट लावा, उघडला की शेजाऱ्यांना कळतंच, तसं आहे हे. मी सांगायचं नाही असं ठरवून येते, आणि चहा येईपर्यंत दोन सांगून झालेले असतात! पूर्वी ह्या बायका ठसका लागेपर्यंत हसायच्या. अलीकडे हसता हसता मध्येच थांबतात. मी पूर्वीसारखीच सांगते. त्याला मी काय करू?

आधी रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. नाखवा म्हणजे होडीचा धनी. आमच्या बाबाने म्हणे एके दिवशी मासेमारी सोडली आणि आल्या-गेल्याला फुकट खाडी पार करून द्यायला लागला. जाताना एकच मागणं मागून गेला, "मना वर्साला एकदा खाडीची खबर देत जा."

म्हणून दरवर्षी भरती चढताना आमच्या घरातला एक माणूस पाग, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरतो. तीनदाच फेकायचं. त्यात आलेली एक बोय, आमच्या खाडीतला चपळ चंदेरी मासा, पितळेच्या तपेल्यात खाडीच्याच पाण्यात ठेवून काठावरच्या बाबाच्या समाधीपुढे न्यायची. जिवंत. ती हलली की बाबाला खबर पोचली, खाडी जिती आहे. मग समाधीच्या पायरीवरूनच तिला परत पाण्यात सोडायचं. त्यानंतर बाबाच्या पादुका पालखीतून होडीत बसतात आणि खाडीच्या वळणापर्यंत जाऊन येतात.

आणि बोय मिळाली नाही तर? पालखी उठत नाही. आजपर्यंत तसं झालेलं नाही. जाळं टाकायचा मान आधी आमच्या आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा होता. ते गेल्यापासून तो माझ्या मोठ्या भावाचा, बाळादादाचा आहे.

*

आबांच्या वेळी अडचण उलटी होती!

पहिल्याच फेकीत पंधरा-वीस मासे यायचे, आणि त्यातली कुठली बाबापुढे न्यायची यावर काठावर उभं राहून अख्खा कोळीवाडा सल्ले द्यायचा. ही मोठी, ती गोरी, ती पलीकडची जरा अंगाने भरलेली. मुलगी बघायला आल्यासारखं!

एका वर्षी यावरून दोन घरांत अशी जुंपली, की भरती चढून पाणी आबांच्या छातीला लागलं तरी निर्णय होईना. शेवटी आबांनी जाळ्यात हात घातला, लागेल ती बोय तपेल्यात टाकली आणि बाकीचं जाळं भांडणाऱ्या बायकांच्या पायाशी रिकामं केलं.

"बाबाला एकच खबर लागते. बाकीच्या खबरी कालवनात टाका!"

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. शाळा जशी जूनमध्ये उघडते, तशी जाळ्यात बोय येते, असं मला वाटायचं. ह्यात न येण्यासारखं काय आहे, हा प्रश्नच कधी पडला नाही.

*

आता जनाआत्या. आबांची धाकटी बहीण. चाळीस वर्षं ठाण्याच्या मार्केटात टोपली लावून बसलेली बाई, तेव्हा तिच्यापुढे मासा आणि माणूस दोघांनाही खोटं बोलता येत नाही.

आणि मनोहर. हा आमच्या उत्सव कमिटीचा अध्यक्ष, आत्याचाच थोरला. एका कंपनीतून व्हीआरएस घेऊन घरी बसला आणि कोळीवाड्याचा कारभार अंगावर घेतला. काखेत कायम एक प्लास्टिकची फाइल. माणूस वाईट नाही, पण त्याला सगळं वेळेत उरकायचं असतं.

उत्सवाच्या जेवणाला आणि नैवेद्याला मासळी आपल्याच खाडीची लागते. एका वर्षी तेवढी मिळेना. मनोहरने गुपचूप बाजारातून आणली, टोपलीत ओला पाला घालून वर मांडली, आणि "आत्ताच जाल्यातून काढली" म्हणून आईपुढे ठेवली.

आत्याने हातसुद्धा लावला नाही. नुसती वाकली.

"मन्या, ही कवा आयली जाल्यात?"

"आज सकाली, आये."

"मग हिच्या गालफडात बरफ कोनी भरला? तुझ्या बापाशीनं?"

मनोहर फाइल उघडून काहीतरी शोधायला लागला. आत्याने एका माशाच्या डोळ्यावर बोट टेकवलं. "डोलं बग, कशी आत गेल्यान. चार दिस झालं मरून हिला. नैवेद नको दाखवू, दहाव्याची तयारी कर!"

लोक लोळून हसले. पण त्या वर्षी बाबाला नारळाची वडी आणि भात दाखवला. कोळ्याच्या बाबापुढे मासळीवाचून ताट मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आत्या ते झाकून ठेवत होती, तेव्हा तिचा चेहरा बघवत नव्हता.

*

मग उत्सवाला पाहुणे यायला लागले. मनोहरचीच कल्पना. प्रमुख पाहुणा म्हणून एक स्थानिक नेता आला, मागे चार फोटोग्राफर.

त्या वर्षी दादाला दुसऱ्या फेकीत बोय मिळाली. तपेलं घेऊन तो समाधीकडे निघाला, तर साहेब म्हणाले, "थांबा, थांबा! मी देतो ना खबर!" आणि तपेल्यात हात घालून त्यांनी बोय उचलली.

एक फोटो समोरून. एक साइडने. एक समाधी मागे दिसेल असा. मग चष्मा काढून. मग एकाचा कॅमेरा अडकला म्हणून पुन्हा. दादा शेजारी तपेलं धरून उभा. "साहेब, तिला पान्यात ठेवा," तो दोनदा म्हणाला. साहेब कॅमेऱ्याकडे बघून हसत होते.

फोटो झाल्यावर साहेबांनी बोय तपेल्यात ठेवली. ती आडवी तरंगली.

मनोहर हळूच म्हणाला, "बाळा, हलव जरा तपेला. हलल्यासारखं वाटेल."

आत्याने नुसतं त्याच्याकडे बघितलं. दादा परत पाण्यात उतरला. एकच फेक उरली होती. तिच्यात एक बारकी बोय आली, म्हणून त्या वर्षीची पालखी निघाली.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर भलामोठा फ्लेक्स. साहेब हसताहेत, हातात मेलेली बोय, आणि खाली ठळक अक्षरांत: 'खाडी वाचवण्यासाठी सदैव कटिबद्ध!'

*

आमच्या पाठीमागे टॉवर झाले त्याचा किस्सा तर ऑफिसात मला दर वर्षी सांगावा लागतो.

बाल्कनीतून खाडी दिसते म्हणून लोकांनी आयुष्यभराची कमाई घालून तिथे घरं घेतली. उत्सवाच्या आदल्या आठवड्यात आमच्याकडे काठावर वलांड्या, म्हणजे आडव्या बांबूच्या दांड्या, बांधून मासळी वाळत घालतात. बाविसाव्या मजल्यावरची एक बाई नाकाला रुमाल लावून खाली आली. कपडे छान, बोलणंही तसं अदबीचं.

"आंटी, ये स्मेल कब बंद होगी?"

आत्या सुकट पसरत होती. तिने मान वर केली नाही. "बाय, मासलीचा वास हाय तवर नाक मुरड. तो गेला ना, तर खाडीचा वास येल. मग फ्लॅट इकाया काढशील."

बाईला किती कळलं कोण जाणे. "ओके, थँक यू," म्हणून गेली.

दोन-तीन वर्षांत वाळत घालण्याएवढी मासळीच राहिली नाही. वलांड्यांवर लोक कपडे वाळत घालायला लागले. आणि एक दिवस तीच बाई पुन्हा खाली आली, रुमाल ह्या वेळी दुपदरी.

"आंटी," ती म्हणाली, "आजकल आप लोग मछली नहीं सुखाते क्या?"

*

मनोहरने पुढे बॅकअप ठेवायला सुरुवात केली. हा शब्द त्याचाच!

त्या वर्षी दादाच्या पहिल्या दोन फेकी रिकाम्या गेल्या. रिकाम्या म्हणजे अगदी रिकाम्या नाहीत. दुधाच्या पिशव्या आल्या, देवाला वाहिलेलं निर्माल्य आलं, कुणाचा तरी आधार कार्डाचा लॅमिनेट केलेला तुकडा आला. दादा तिसऱ्यासाठी जाळं खांद्यावर घेत होता.

तेव्हा मनोहरने समाधीमागून एक फुगलेली प्लास्टिकची पिशवी आणली. आत पाणी, ऑक्सिजन आणि एक जिवंत, चांगली हातभर बोय. भिवंडीकडच्या कुठल्याशा तळ्यातून आणलेली.

"रिस्क कशाला घ्या?" तो म्हणाला. "बाबाला मासा हललेला दिसल्याशी कारण."

खरं सांगते, मला ते पटलं होतं. दादाची एकच फेक उरली होती. मला वाटलं, घ्यावा हाच मासा आणि संपवावं.

जनाआत्या म्हणाली, "घे की. पन तपेल्यात पानी आपलं घाल."

मनोहरने दादाकडून तपेलं भरून घेतलं, पिशवी फाडली, मासा सोडला. मासा एकदा गोल फिरला. दुसऱ्यांदा फिरताना कलला. मग तोंड पाण्याबाहेर काढून उघडझाप करायला लागला, आणि आम्ही सगळे तपेल्याभोवती उभं राहून बघत असताना पाठीवर पडला. आरतीला लागतो तेवढासुद्धा वेळ लागला नाही.

"आपल्या पान्यात जगत नाय, ती आपली खबर कशी?" आत्या म्हणाली.

दादाने तिसरी फेक टाकली आणि बोटाएवढी का होईना, एक मिळाली. ती मात्र त्याच पाण्यात टुणटुण फिरत होती. तिला समाधीपुढे नेताना मनोहरच सगळ्यात मोठ्याने रडला.

*

हा पुढचा किस्सा मी ऑफिसात कधी पूर्ण सांगितलेला नाही. अर्धा सांगते आणि चहा आला म्हणून उठते.

एका उत्सवाला सकाळी आम्ही काठावर गेलो, तर भरतीचं पाणी गुलाबी! अगदी कडेकडेने, फेसात मिसळून, गुलाबी लाल रेघा. बायका हरखल्या. बाबा रात्री गुलाल खेळला म्हणे! माझी वहिनी पहिली पुढे झाली. तिने ओंजळीत पाणी घेतलं आणि कपाळाला लावलं. मग सगळ्याच बायकांनी लावलं. लहान मुलींच्या कपाळांना लावलं.

मी लावलं नाही. कारण तो रंग मी आदल्या दिवशी पाहिला होता. डोंबिवलीत, आमच्या शाळेमागच्या नाल्यात. तो नाला पुढे ह्याच खाडीला मिळतो.

मी बोलले का? नाही. सणाच्या सकाळी, सगळ्या हसत असताना, "अगं, तो गुलाल नाही" हे माझ्या तोंडून निघेना. त्याला अजून एक कारण होतं. आमचे हे, प्रकाश, डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत आहेत. एकतीस वर्षं. आमचं कोपरचं घर, मुलीचं इंजिनीअरिंग, माझ्या हातातल्या ह्या बांगड्या, सगळं त्यातून आलेलं. मी बोलले असते तर पुढचा प्रश्न काय येईल, हे मला माहीत होतं. म्हणून गप्प राहिले. लाज वाटते मला त्याची. अजून वाटते.

तिसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला. कपाळ सुजलेलं, पाण्याने भरलेले फोड, डॉक्टरकडे रांग लागलेली. आणि ती माउली हसत होती! "बाय, बाबाचा गुलाल यंदा जरा तिखट व्हता गो!"

त्या संध्याकाळी मी ह्यांना विचारलं, "ते तुमच्याकडचं होतं?"

हे जेवायला बसले होते. ताटातला भात कालवत राहिले.

मग म्हणाले, "आमच्याकडचं लाल नसतं. आमचं निळं असतं."

*

दादा मला ह्यांच्या कंपनीवरून कधीही एका शब्दाने बोललेला नाही. वाटलं होतं, बोलेल. मी तर काही वर्षं तयारी करून जायची, तो असं म्हणाला तर मी तसं म्हणेन. पण नाही. ह्यांना तो अजूनही जावयाचा मान देतो, खांद्यावर टॉवेल टाकतो, आधी वाढतो.

त्या गुलालाच्या पुढच्याच वर्षीची गोष्ट. उत्सवाच्या पंगतीत आत्याने ह्यांच्या पानात चिंबोरी, म्हणजे खेकडा, वाढली. खाडीतली, दादाने दोन दिवस चिखलात बसून धरलेली. तेवढ्या पाच-सहाच होत्या, आणि त्यातली सगळ्यात भरलेली जावयाच्या पानात.

हे भात जेवले, सोलकढी प्यायले, चिंबोरी पानाच्या कडेला सारून ठेवली.

"जावईबापू, खात नाय?" आत्याने विचारलं.

"आत्या, ॲसिडिटी आहे हल्ली."

"चिंबोरीनं कवा ॲसिडिटी झाली?" आत्या अजून एक वाढायला वाकली.

दादा पलीकडच्या पानावरून म्हणाला, "ऱ्हाव दे आत्या. त्यांना ठाव हाय खाडीत काय जातं ते."

आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. जसं पाऊस येईल आज, म्हणावं तसं. आणि मग त्याने स्वतःची चिंबोरी फोडली आणि खाल्ली. पोरांना दिली. मला दिली. मी खाल्ली. काय करणार होते!

*

आता गेल्या वर्षीचा.

दादाच्या पायांना दोन वर्षांपासून चट्टे आलेत. गुडघ्यापर्यंत कातडी काळी पडून सोलते, भेगा पडतात. डॉक्टरने पाण्यात उतरायचं नाही म्हणून बजावलंय. वहिनीने उत्सवाच्या आदल्या दिवशी जाळंच लपवून ठेवलं. सकाळी उठून दादा शेजाऱ्याचं मागायला निघाला, तेव्हा तिनेच आणून दिलं आणि त्याच्या पायांना खोबरेल तेल चोळायला बसली.

पहिल्या फेकीत काळा गाळ आला. दुसऱ्या फेकीत नुसतं पाणी. एक पिशवीसुद्धा नाही. त्या पाण्यावर जाळं टेकलं तिथे पांढरा फेस फुगून वर आला आणि तसाच राहिला.

काठावर शंभरेक माणसं होती. पूर्वी हजार असायची. मनोहरच्या हातात फाइल नव्हती. त्याने हात जोडलेले होते. मी ह्यांच्या शेजारी उभी होते, आणि मनात म्हणत होते, बाबा, माझ्या भावाच्या तोंडून वाईट खबर ऐकू नकोस. दुसऱ्या कुणाच्याही चालेल.

तिसरी फेक. दादाने जाळं ओढलं, मुठीत गोळा केलं आणि तसाच उभा राहिला. मग आत हात घातला.

एक बोय होती. मधल्या बोटाएवढी.

जो कल्ला झाला तो मी सांगू शकत नाही. ढोल, बँजो, फटाके, म्हाताऱ्या बायका एकमेकींच्या गळ्यात! तपेलं समाधीपुढे आलं. जनाआत्याला आता नीट दिसत नाही. तिने तपेल्यात हात घातला आणि बोय बोटांना लागायची वाट बघत बसली. ढोल थांबले. मग ती म्हणाली, "जिती हाय. बाबा, जिती हाय खाडी." आणि तोंडाला पदर लावला.

इथपर्यंत सगळं रीतीने झालं. पालखी उठली, पादुका होडीत ठेवल्या, होडीला हार घालणं चाललं होतं. दादा तपेलं घेऊन पायरीवर आला, बोय सोडायला. दोन पायऱ्या उतरला. वाकला. तपेलं कलतं केलं.

आणि परत सरळ केलं.

पाण्यावर फेस होता. दादाने तो हाताने बाजूला केला. फेस परत आला. त्याने पुन्हा बाजूला केला. मग तपेल्यात बघत राहिला.

"सोड रं, बाळा," मनोहर म्हणाला. "भरती उतराय लागली."

दादा हलला नाही. मला वाटलं पाय दुखत असतील. मी पुढे गेले, तर तो त्या बोयीशी काहीतरी बोलत होता. काय ते ऐकू आलं नाही.

"रीत हाय, पायरीवरच सोडवाची," कुणीतरी मागून ओरडलं. सगळ्यांनी जनाआत्याकडे बघितलं. रीतीच्या बाबतीत ती सख्ख्या पोराला सोडत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. पण आत्या काही म्हणाली नाही. समाधीकडे तोंड करून बसून राहिली.

दादा सरळ होडीत चढला. तपेलं दोन पायांमध्ये ठेवलं. हार बांधणारे अजून काठावरच होते. त्याने दोर सोडला आणि इंजिन चालू केलं.

"अरे, मानसं तरी चढू दे! बाबा एकला हाय होडीत!" मनोहर पाण्यात धावला. होडी निघून गेली होती.

आम्हाला वाटलं, वळणापर्यंत जाईल आणि येईल. दरवर्षी तेवढंच जातात. आम्ही आरती पेटवून उभे. होडी वळणाला पोचली. आम्ही घंटा वाजवायला सुरुवात केली. होडी परत फिरली नाही. वळणाआड गेली, समुद्राच्या दिशेने. इंजिनचा आवाज थोडा वेळ येत होता, मग तोही बंद झाला.

आरती विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा विझली. नैवेद्य गार झाला. दादाचा मोबाइल वहिनीच्या पिशवीत वाजत होता. पाणी उतरत गेलं, होता होता काठापासून पार लांब चिखल उघडा पडला. काही लोक घरी गेले. मनोहर एकदा म्हणाला, "डिझेल किती व्हता त्याच्यात?" हे माझ्या शेजारून हलले नाहीत. दिवसभर उन्हात उभे होते.

ऊन उतरल्यावर होडी दिसली. काठापर्यंत पाणी नव्हतं. दादाने ती लांब धारेत नांगरली आणि चिखलात उतरला. मांड्यांपर्यंत रुतत, एक-एक पाय उपसत तो येत होता. डोक्यावर बाबाच्या पादुका, फडक्यात बांधलेल्या. हातात तपेलं. मनोहरने त्याला झापायचं म्हणून केव्हापासून काय काय ठरवलं होतं, तोच धावत चिखलात गेला आणि त्याने पादुका आपल्या डोक्यावर घेतल्या.

दादा काठावर आला. तपेलं रिकामं होतं. वहिनी त्याचे पाय धुवायला बसली, चिखल निघाला तसं पाण्यातून रक्त यायला लागलं. त्याचं लक्ष नव्हतं. चेहरा शांत होता. इतका शांत मी त्याला आबा गेल्यापासून पाहिलेला नव्हता.

मी त्याच्याजवळ बसले. "दादा, कुठे सोडलीस रे तिला?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मग माझ्या मागे, ह्यांच्याकडे बघितलं. तपेलं माझ्या हातात दिलं, आणि लहानपणी काढायचा तसल्या मऊ आवाजात म्हणाला,

"तुना नाय सांगनार, बाय."